बुरसलेल्या चाऱ्यातून आलेली गोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘रक्त पातळ करण्याची गोळी’ हे शब्द आज आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. कुणाच्या हृदयाची झडप बदललेली असते, कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली असते, कुणाच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत असतात. डॉक्टर गोळी लिहून देतात, दर काही दिवसांनी रक्त तपासायला सांगतात आणि वर बजावतात, की पालेभाजी बेतानं खा, मनानं दुसरं औषध घेऊ नका. गोळी घेणारा माणूस हे सगळं पाळतो किंवा पाळत नाही. पण ही गोळी आली कुठून आणि तिच्याबरोबर एवढी पथ्यं का आली, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. ती हकिगत सांगण्यासारखी आहे. ती सुरू होते एका चाऱ्याच्या पिकापासून. तिच्यात गुरं आहेत, ससे आहेत, उंदीर आहेत आणि अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्षही आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. या गोळीनं रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घातलं की दूध पातळ होतं, तसं इथं काही घडत नाही. रक्त होतं तितकंच दाट राहतं, फक्त ते साकळायला जास्त वेळ लागतो. आपल्याला जखम झाली की काही मिनिटांत रक्त थांबतं, कारण रक्तातली काही प्रथिनं एकापाठोपाठ एक कामाला लागतात आणि जखमेच्या तोंडावर जाळं विणतात. हे जाळं नको त्या ठिकाणी, म्हणजे धडधाकट रक्तवाहिनीच्या आत विणलं गेलं, तर ती झाली गुठळी. गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात, फुप्फुसात गेली तर जिवावरचं संकट. म्हणून रक्ताची साकळण्याची ताकद थोडी कमी करायची, पण इतकीही नाही की साध्या ओरखड्यानं रक्त वाहत राहावं. या दोन टोकांच्या मधली वाट फार अरुंद आहे. ती माणसाला सापडली ती मात्र गुरांच्या गोठ्यात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात शेतकऱ्यांनी ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचं चाऱ्याचं पीक मोठ्या प्रमाणावर लावायला सुरुवात केली. ही वनस्पती मूळची युरोप-आशियातली, कडधान्यांच्या कुळातली. उत्तर भारतात गुरांना घालतात ती सेंजी आणि आपल्याकडे गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारी रानमेथी या तिच्याच जवळच्या नातेवाईक. हलक्या जमिनीत येते, पाण्याचा ताण सोसते, जमिनीला नत्र देते. थंड प्रदेशातल्या गरीब शेतकऱ्याला आणखी काय हवं? हिरवी कापून वाळवली, की तिला ताज्या गवतासारखा गोड वास येतो. हा वास ‘कुमारिन’ नावाच्या द्रव्याचा. चवीला मात्र कुमारिन कडवट असतं.

१९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या भागांतून विचित्र बातम्या येऊ लागल्या. शेतकरी जनावराची शिंगं कापत, खोंडांना खच्ची करत. ही नेहमीचीच कामं, पण त्या जखमांतून रक्त थांबेना आणि जनावर मरून जाई. काही गुरांच्या कातडीखाली रक्ताच्या मोठमोठ्या गाठी येत. काही तर बाहेरून जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत. पहिल्यांदा वाटलं की हा संसर्ग आहे, आपल्याकडच्या घटसर्पासारखा. पण एका जनावराचा रोग दुसऱ्याला लागत नव्हता आणि रोगजंतूही सापडत नव्हते.

कॅनडातल्या ऑन्टारिओ पशुवैद्यक महाविद्यालयातल्या फ्रँक स्कोफील्ड यांनी या रोगाचा छडा लावायचं मनावर घेतलं. हे गृहस्थ मोठे विलक्षण होते. पोलिओनं अधू झालेलं शरीर घेऊन ते मिशनरी शिक्षक म्हणून कोरियात गेले होते. १९१९ साली जपानी राजवटीविरुद्ध कोरियन जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा झालेल्या अत्याचारांची छायाचित्रं काढून ती जगापुढे आणणाऱ्यांत ते होते. पुढे १९७० साली त्यांचं निधन झालं, तेव्हा कोरियानं त्यांना सोलच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा दिली. कोरियातून परतल्यावर हाच माणूस गुरांच्या चाऱ्याच्या मागे लागला.

आजारी गुरं असलेल्या गोठ्यांत स्कोफील्ड यांना एक गोष्ट समान दिसली. तिथला स्वीट क्लोव्हरचा चारा नीट वाळलेला नव्हता, त्याला बुरशी लागलेली होती. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. एकाच गंजीतल्या चाऱ्यातले चांगले देठ आणि बुरसलेले देठ त्यांनी वेगवेगळे निवडले. चांगले एका सशाला घातले, बुरसलेले दुसऱ्याला. चांगला चारा खाणारा ससा ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्राव होऊन मेला. दोघांचा चारा एकाच शेतातला, एकाच पिकाचा. फरक फक्त कुजण्याचा होता. १९२२ ते १९२४ या काळात स्कोफील्ड यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठोपाठ नॉर्थ डकोटातले पशुवैद्यक संशोधक एल. एम. रॉडरिक यांनी दाखवून दिलं, की अशा जनावरांच्या रक्तात ‘प्रोथ्रॉम्बिन’ हे साकळण्यासाठी लागणारं द्रव्य कमी झालेलं असतं आणि निरोगी जनावराचं रक्त वेळेवर दिलं तर आजारी जनावर वाचू शकतं.

म्हणजे रोग कळला, कारण कळलं, उपायही कळला. तरी गुरं मरतच राहिली. याचं उत्तर प्रयोगशाळेत नव्हतं, शेतकऱ्याच्या परिस्थितीत होतं. बुरसलेला चारा टाकून द्या, असं सांगणं सोपं आहे. पण पावसानं चारा भिजला, दुसरा विकत घ्यायला पैसा नाही आणि हिवाळाभर गुरं तर जगवायची आहेत, अशा वेळी माणूस काय करणार? १९२९ नंतरच्या महामंदीत तर शेतकऱ्याचं कंबरडंच मोडलं होतं. त्यातून हे विष लगेच मारत नसे. जनावर दोन-दोन आठवडे तोच चारा खाऊन चांगलं दिसे आणि मग एकाएकी कोसळे. काल-परवा खाल्लेल्या गोष्टीवर आपण संशय घेतो, महिनाभर सुखानं खात असलेल्या गोष्टीवर घेत नाही. या उशिराला या सगळ्या इतिहासात फार महत्त्व आहे.

फेब्रुवारी १९३३. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात डिअर पार्क या गावाजवळचा एड कार्लसन नावाचा शेतकरी. त्याची गुरं एकामागून एक दगावत होती. पशुवैद्यानं त्याला बुरसलेल्या चाऱ्याचं कारण सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. वर्षानुवर्षं हाच चारा घालत आलो, कधी काही झालं नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी एका शनिवारी भर हिमवादळात त्यानं गाडी काढली. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं तिचं न साकळलेलं रक्त आणि सुमारे ४५ किलो खराब चारा, असा ऐवज होता. जवळपास ३०० किलोमीटर अंतर कापून तो राजधानी मॅडिसनला पोचला. सरकारी पशुवैद्यकाची कचेरी शनिवार असल्यानं बंद होती. विद्यापीठाच्या आवारात हिंडता हिंडता जीवरसायनशास्त्राच्या इमारतीचा एक दरवाजा त्याला उघडा सापडला. आत कार्ल पॉल लिंक हे प्राध्यापक काम करत होते.

योगायोग असा, की लिंक यांच्याकडे स्वीट क्लोव्हरचा विषय नुकताच आलेला होता. विद्यापीठातल्या वनस्पती-पैदासकारांना कमी कुमारिनचा, म्हणजे कमी कडू वाण हवा होता आणि त्यासाठी ते लिंक यांची मदत घेत होते. पण समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला देण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. हा चारा घालू नका, जमल्यास आजारी गुरांना दुसऱ्या गुराचं रक्त द्या, एवढंच ते सांगू शकले. कार्लसनकडे दुसरा चारा नव्हता. तो वादळातून परत निघाला. ही सगळी हकिगत लिंक यांनी पुढे १९५९ साली स्वतःच लिहून ठेवली आहे. युजेन शोफेल नावाचा त्यांचा जर्मन साहाय्यक या भेटीनं फार अस्वस्थ झाला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला, घरी जा आणि दुसरा चारा आण, असं सांगायचं, ही कसली विद्या, असा त्याचा सवाल होता. त्याच संध्याकाळी दोघांनी कॅनमधल्या रक्तावर काम सुरू केलं.

ते काम सहा वर्षं चाललं. कुजलेल्या चाऱ्यातून एकेक द्रव्य वेगळं काढायचं, सशांना द्यायचं, सशांचं रक्त साकळायला किती वेळ लागतो ते मोजायचं, हाच उद्योग. २८ जून १९३९ रोजी पहाटे हॅरोल्ड कॅम्पबेल या सहकाऱ्याला सूक्ष्मदर्शकाखाली शुद्ध द्रव्याचे स्फटिक दिसले. हाती आलेला ऐवज होता अवघा काही मिलिग्रॅम. मग मार्क स्टाहमान यांनी तो अधिक प्रमाणात काढला, चार्ल्स ह्यूबनर यांनी त्याची रचना उलगडली आणि १ एप्रिल १९४० पर्यंत तेच द्रव्य प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयारही झालं. त्याला नाव मिळालं ‘डायकुमारॉल’.

कोडंही सुटलं. चाऱ्यातलं कुमारिन रक्ताच्या साकळण्यात ढवळाढवळ करत नाही. पण ओल्या चाऱ्यावर बुरशी वाढली, की ती कुमारिनमध्ये बदल घडवते आणि बदललेल्या कुमारिनचे दोन रेणू एका कार्बनच्या दुव्यानं एकमेकांना जोडले जातात. ही जोडी म्हणजे डायकुमारॉल. वनस्पती निरुपद्रवी, तिच्यातलं द्रव्यही या बाबतीत निरुपद्रवी, पण साठवणीत ओल राहिली आणि त्याचं विष झालं. स्कोफील्ड यांच्या दोन सशांनी पंधरा वर्षांपूर्वी जे दाखवलं होतं, त्याचं रसायन आता कळलं.

याच सुमारास युरोपात एक वेगळीच गोष्ट उलगडत होती. कोपनहेगनचे हेन्रिक डाम १९२९ पासून कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेलं खाद्य घालून प्रयोग करत होते. त्या पिलांना रक्तस्राव होई. खाद्यात कसलं तरी जीवनसत्त्व कमी पडत होतं. १९३५ साली डाम यांनी त्याला ‘के’ हे नाव दिलं, ‘कोआग्युलेशन’ म्हणजे साकळणं या शब्दाच्या त्यांच्या भाषेतल्या आद्याक्षरावरून. १९३९ मध्ये ते शुद्ध स्वरूपात हाती आलं ते लसूणघासापासून. अमेरिकेत एडवर्ड डॉयसी यांनी त्याचाच दुसरा प्रकार सडलेल्या मासळीच्या कुटातून काढला. डाम आणि डॉयसी यांना १९४३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. लिंक यांच्या प्रयोगशाळेत दिसून आलं, की डायकुमारॉलचा परिणाम जीवनसत्त्व ‘के’ देऊन उलटवता येतो. म्हणजे एका चाऱ्याच्या पिकातून विष निघालं आणि दुसऱ्या चाऱ्याच्या पिकातून त्याचा उतारा. उतारा हाताशी होता, म्हणूनच हे विष माणसाला औषध म्हणून देण्याचं धाडस करता आलं.

१९४१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आणि इतरत्र डायकुमारॉल रुग्णांना देऊन पाहण्यात आलं. तोवर गुठळीविरुद्ध डॉक्टरांजवळ एकच हत्यार होतं, हेपारिन. प्राण्यांच्या अवयवांतून काढलेलं हे औषध टोचूनच द्यावं लागे. तोंडानं घ्यायची गोळी मिळाल्यानं शस्त्रक्रियेनंतरच्या गुठळ्यांवर दीर्घकाळ उपचार करणं शक्य झालं. अडचण एवढीच, की डायकुमारॉलचा परिणाम सावकाश होई आणि कुणाला किती होईल याचा अंदाज बांधणं कठीण जाई.

यानंतरचा भाग उंदरांचा. १९४५ साली लिंक यांना क्षयामुळे काही महिने आरोग्यधामात राहावं लागलं. पडल्या पडल्या त्यांनी उंदरांच्या बंदोबस्ताचा इतिहास वाचून काढला. उंदीर हा अतिशय संशयी प्राणी. नवं खाणं दिसलं, की तो थोडंच चाखून बघतो. चाखल्यावर त्रास झाला, तर पुन्हा तिकडे फिरकत नाही. म्हणून झटपट मारणारी विषं उंदरांवर फार काळ चालत नाहीत. लिंक यांच्या मनात आलं, की डायकुमारॉलच्या जातीचं एखादं जास्त जहाल द्रव्य वापरलं, तर उंदीर चार-पाच दिवस मजेत खात राहील आणि मरेल तेव्हा त्या खाण्याचा संशय कुणालाच येणार नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत या जातीची कितीतरी संयुगं तयार करून ठेवलेली होती. त्यातलं ४२ क्रमांकाचं संयुग निवडलं गेलं आणि १९४८ साली ते उंदीर मारण्याचं औषध म्हणून बाजारात आलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेच्या आद्याक्षरांना कुमारिनची शेपटी जोडून त्याचं नाव ठेवलं ‘वॉरफरिन’.

उंदराचं विष माणसाला द्यावं, हे कुणाच्या मनातही आलं नसतं. पण १९५१ साली अमेरिकन सैन्यातल्या एका तरुणानं आत्महत्येसाठी हे विष अनेक दिवस खाल्लं. तो रुग्णालयात आला तेव्हा रक्तस्राव होत होता. डॉक्टरांनी त्याला रक्त आणि जीवनसत्त्व ‘के’ दिलं आणि तो पूर्ण बरा झाला. या घटनेमुळे वॉरफरिनकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ते पाण्यात विरघळणारं होतं, डायकुमारॉलपेक्षा भरवशाचं होतं आणि त्याचा उतारा माहीत होता. १९५४ मध्ये अमेरिकेत त्याला माणसांसाठी औषध म्हणून परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांच्या उपचारांत वॉरफरिन होतं, ही बातमी जगभर झाली. उंदराचं औषध राष्ट्राध्यक्षांना चालतं म्हटल्यावर सामान्य रुग्णाची भीती मोडायला कितीसा वेळ लागणार?

हे औषध नेमकं काय करतं, हे कळायला मात्र १९७० नंतरचं दशक उजाडावं लागलं. आपलं यकृत साकळण्यासाठी लागणारी जी प्रथिनं बनवतं, त्यातली चार जीवनसत्त्व ‘के’शिवाय पुरी होत नाहीत. सुताराला पटाशी लागावी, तसं यकृताला ‘के’ लागतं. वापरली की ही पटाशी बोथट होते. मग एक विकर म्हणजे एन्झाइम तिला पुन्हा धार लावून देतं आणि तीच पटाशी पुन्हा कामी येते. वॉरफरिन या धार लावणाऱ्यालाच अडवतं. बोथट पटाश्यांचा ढीग साचतो आणि नवी प्रथिनं अर्धवट राहतात. पण रक्तात आधीची चांगली प्रथिनं असतात. ती झिजून संपेपर्यंत काही दिवस जातात. परिणाम उशिरा दिसतो तो यामुळे. हिरव्या पालेभाजीतून ‘के’ भरपूर मिळालं, तर यकृताला आयत्या धारदार पटाश्या मिळतात आणि गोळीचा जोर कमी पडतो. पथ्याचं मूळ हे आहे.

आता उशिराचा धागा पुन्हा हाती घेऊ. कार्लसनला चाऱ्याचा संशय पटला नाही, कारण परिणाम उशिरा होत होता. उंदीर फसतो तो त्याच उशिरामुळे. आणि आज गोळी घेणारा माणूसही नेमका तिथंच फसू शकतो. आज एक जास्तीची गोळी घेतली किंवा कुणी सुचवलेलं चूर्ण सुरू केलं, तर आज काहीच होत नाही. उद्याही होत नाही. माणसाला वाटतं, मानवलं. चार-आठ दिवसांनी हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, अंगावर काळेनिळे डाग उठतात किंवा शौच काळी होते, तेव्हा त्या चूर्णाची आठवणही राहिलेली नसते.

आपल्या देशात हा प्रश्न जुन्या काळातला नाही. लहानपणी घसा दुखून येणारा संधिज्वर म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर पुढे हृदयाच्या झडपा खराब करतो. असे रुग्ण आपल्याकडे अजूनही आहेत आणि त्यांच्यातले कितीतरी गरीब घरांतले, ऐन तारुण्यातले. भारतीय बनावटीची कृत्रिम झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. अशी यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला कुमारिनच्या घराण्यातली गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपल्याकडे वॉरफरिनबरोबर असेनोकुमारॉल हे त्याचं भावंडही बरंच वापरतात. २०१० नंतर गुठळीविरोधी नव्या गोळ्या आल्या. त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही, पालेभाजीचं पथ्यही नाही. ठोके अनियमित असलेल्या बहुतेकांना त्या सोयीच्या आहेत. पण यांत्रिक झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत. आणि ऱ्हुमॅटिक हृदयविकार असलेल्या साडेचार हजारांच्या आसपास रुग्णांवर अनेक देशांत झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जुन्या घराण्यातली गोळीच सरस ठरली. म्हणजे बुरसलेल्या चाऱ्याचा हा वारसा इतक्यात संपत नाही.

या घराण्याबाहेरही रक्ताच्या साकळण्यावर परिणाम करणाऱ्या वनस्पती आहेत, पण त्यांची वाट वेगळी. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यानं विलो झाडाच्या सालीनं ताप उतरतो, असं रॉयल सोसायटीला कळवलं. त्या सालीतल्या द्रव्याच्या नात्यातलं ॲस्पिरिन १८९७ मध्ये बायर कंपनीत तयार झालं. ते यकृताला हात लावत नाही, तर रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटण्यापासून रोखतं. कसं, ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आपल्या लसणातही असा गुण आहे. लसूण ठेचल्यावर तयार होणारं ‘अजोईन’ नावाचं द्रव्य प्लेटलेट्सना चिकटू देत नाही, हे १९८४ साली प्रसिद्ध झालं. लसणाला स्पॅनिश भाषेत ‘आहो’ म्हणतात, ‘ए-जे-ओ’ अशा अक्षरांनी लिहितात, त्यावरून हे नाव. आलं आणि हळद यांतल्या द्रव्यांचाही प्लेटलेट्सवरचा परिणाम परीक्षानळीत दिसला आहे.

पण परीक्षानळीत दिसणं वेगळं आणि माणसाच्या शरीरात औषध म्हणून भरवशानं चालणं वेगळं. फोडणीतला लसूण, चहातलं आलं, भाजीतली हळद यांनी घाबरून जायचं कारण नाही. त्यांच्यावर विसंबून डॉक्टरांची गोळी सोडण्याचं तर मुळीच नाही. झडपेच्या रुग्णानं ‘आता मी लसणाचा उपाय करतो’ म्हणून गोळी बंद केली, तर झडपेवर गुठळी बसू शकते आणि तिथं दुसरी संधी मिळेलच असं नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. हीच द्रव्यं दाट अर्काच्या कॅप्सूलमधून रोज पोटात गेली, तर गोळीच्या जोडीला ती रक्तस्राव वाढवू शकतात. १९९० साली भरपूर लसूण खाणाऱ्या एका वृद्धाच्या पाठीच्या कण्यात आपोआप रक्तस्राव झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. म्हणूनच भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे अशी पूरक औषधं थांबवायला सांगतात.

‘वनस्पतीजन्य आहे, त्यामुळे अपाय नाही’ हे वाक्य आपण जाहिरातींतून रोज ऐकतो. स्वीट क्लोव्हरची गोष्ट ऐकल्यावर या वाक्यातला फोलपणा ध्यानात यावा. विस्कॉन्सिनच्या गोठ्यातलं विषही शंभर टक्के नैसर्गिकच होतं. आणि ते विष ज्यामुळे औषध झालं, ती गोष्ट म्हणजे मोजमाप. किती मिलिग्रॅम दिलं, रक्त साकळायला किती वेळ लागला, उतारा किती लागेल, हे मोजता आलं म्हणून वॉरफरिन औषधाच्या कपाटात आलं. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या मोजणीला एक समान परिमाण दिलं. तेच आपल्या रिपोर्टावर ‘आयएनआर’ म्हणून लिहिलेलं असतं. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसात तो एकच्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांत तो दोन ते तीन यांच्या मध्ये ठेवतात, काही झडपांसाठी थोडा वर. तुमचा आकडा किती हवा, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायला हवं.

तेव्हा ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी या इतिहासातून चार व्यवहाराच्या गोष्टी. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी, चुकली तर दुसऱ्या दिवशी मनानं दुप्पट घेऊ नये. पालक, मेथी, कोथिंबीर वर्ज्य करायची गरज नाही, पण आठवडाभर काहीच नाही आणि मग एक दिवस ताट भरून, असं करू नये. प्रमाण साधारण सारखं ठेवावं. तापासाठी किंवा दुखण्यासाठी दुकानातून परस्पर गोळी आणू नये, कारण ॲस्पिरिनच्या जातीची वेदनाशामकं आणि काही प्रतिजैविकं या गोळीचा धोका वाढवतात. आणि चौथी गोष्ट, एक छोटी वही करावी. तिच्यात आयएनआरची तारीख आणि आकडा लिहावा आणि नव्यानं सुरू केलेलं प्रत्येक औषध, चूर्ण, काढा, कॅप्सूल तारखेसह टिपून ठेवावं. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी आणि काढ्याचं नाव सांगायला संकोचू नये. परिणाम आठ दिवसांनी दिसला, तरी कारण त्या वहीत सापडेल. कार्लसनच्या गोठ्यात अशी नोंद ठेवणारं कुणी नव्हतं.